सकाळी पालक, दुपारी पर्यटक

नाशिकला जाऊन आले म्हटलं की आमच्या भंडारा-साकोलीकडची माणसं दोनच गोष्टी विचारतात, गोदावरीत बुडी मारली का आणि द्राक्षं आणली का. मी दोन्ही केलं नाही. मी गेले होते धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या शाळेत, पालक म्हणून. चौथ्या दिवशी परतीच्या गाडीत बसले तेव्हा तिथल्या एका नोंदवहीत माझं नाव पर्यटक म्हणून लागलेलं होतं, येण्याचं कारण 'निसर्ग'. हे कसं झालं ते लिहून ठेवते. शिक्षण सातवीपर्यंतचं आहे, चुका पदरात घ्याव्या. आणि तिथं बहिणीशिवाय माझं कोणी नसताना ज्यानं त्यानं मदत केली, म्हणून सगळ्यांचे उपकार आधीच मानून टाकते. पुढे कोणाबद्दल वाकडं लिहिलं गेलं तर ते उपकार वजा न करता वाचावं.

सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुषमामुळंच. ती जन्मली तेव्हा धानाच्या रोवण्या सुरू होत्या. आई लावणीला बांधीच्या चिखलात उतरली आणि पोर माझ्या कडेवर आलं. रोवणी झाली की शाळेत जायचं असं ठरलं होतं. त्यानंतर पुष्कळ रोवण्या झाल्या. मी आता आश्रमशाळेत स्वयंपाकीण आहे, दीडशे पोरांचा भात एका अंदाजात टाकते, आणि कडेवरची ती पोर नाशिकला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचली होती. आमच्या घरात दहावी ओलांडलेलं ते पहिलं माणूस.

दिवाळीनंतर तिच्या मॅडमचं पोस्टकार्ड आलं. विधिमंडळाची समिती शाळा पाहायला येणार आहे, पालकांनी हजर राहावं. समितीचा अभिप्राय चांगला आला नाही तर शाळेची मान्यता आणि मुलींचे परीक्षा अर्ज अडचणीत येतील. मी ते कार्ड चार वेळा वाचलं. 'अडचणीत येतील' एवढंच लिहिलं होतं, पण आमच्याकडे अडचणीत आलेली मुलगी घरी येते, आणि घरी आलेल्या मुलीला महिन्याभरात पाहुणे बघायला येतात. आमचे काका तर पाहुणे शोधूनच बसले होते.

शहरात

नाशिकरोडला उतरले तेव्हा सकाळ होती. थंडी आमच्यासारखी नव्हती. आमची थंडी तळ्यावरून ओली होऊन येते, इथली कोरडी, ओठ फोडणारी. कुंभमेळा होऊन दोन वर्षं झाली होती, तरी भिंतींवर भाविकांचं स्वागत अजून चालूच होतं. प्रत्येक स्वागताखाली हात जोडलेले इतके पुढारी की भाविकांना उभं राहायला जागा राहिली नसावी.

स्टँडजवळ मिसळ खाल्ली. मी स्वयंपाकीण, त्यामुळं आधी ताटात काय काय येतं ते मोजलं. पापड, दही, कांदा, लिंबू, आणि रस्सा मागाल तितका. ज्या गावात रस्सा मागाल तितका मिळतो त्या गावाबद्दल माझं मत तिथल्या तिथं चांगलं झालं. मालक दोनदा येऊन गेला.

"मावशी, पाव देऊ का अजून?"

"खाऊन राहिले जी."

"राहिले म्हणजे? झालं की चाललंय?"

"चाललंय जी."

"नागपूरकडच्या ना तुम्ही? तुम्ही लोक जेवता कमी आणि राहता जास्त," तो म्हणाला, आणि न मागता तर्री ओतून गेला. त्या तर्रीनं डोळ्यांत पाणी आलं. भंडाऱ्याच्या माणसाला तिखट लागलं हे कबूल करायचं नव्हतं, म्हणून बहिणीची आठवण आली असं सांगितलं.

एसटीच्या कंडक्टरला गावाचं नाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही, तिथल्या माणसांना अजून तिथंच राहायचं आहे. त्र्यंबकच्या अंगाला, एका लहान धरणाच्या काठी, एवढं पुरे.

"कोणाकडं जायचंय?" त्यानं विचारलं.

"नर्सिंगच्या पोरींच्या वसतिगृहात."

"तिथं वसतिगृह नाही बाई. टुरिस्ट लोकांचा बंगला आहे एक. पोरी त्यातच राहतात."

पोरी टुरिस्ट बंगल्यात राहतात. एसटीत हे वाक्य त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, आणि पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. तासाभराच्या रस्त्यात द्राक्षांचे मांडव होते, डोंगर होते, खाली कापलेल्या भाताची शेतं होती, सगळं छान असणार. मी काही पाहिलं नाही. मी पदराची गाठ सोडत होते आणि बांधत होते.

धरणावर

बंगला खरंच होता. पिवळा, दुमजली, पाण्याच्या बाजूला गॅलऱ्या. फाटकावर रंगवलेल्या पाटीवर 'पर्यटक निवास', आणि त्यावर सुतळीनं बांधलेलं कापड, 'परिचर्या विद्यार्थिनी वसतिगृह'. वारा आला की कापड उडायचं आणि वसतिगृहाचा पर्यटक निवास व्हायचा. मी तिथं उभी राहून हेच पाहत होते तेवढ्यात सुषमा धावत आली. पांढऱ्या गणवेशात होती. घट्ट धरून म्हणाली, "ताई, रडू नको. इथं सगळं बरं आहे. फक्त इमारत कोणाची ते ठरायचंय."

खोल्यांना नंबर नव्हते, नावं होती. सुषमाच्या खोलीचं नाव 'मधुचंद्र'. मधुचंद्रात तीन पोरी, तीन ट्रंका आणि एक आबा. आबा म्हणजे शिकण्यासाठी ठेवलेला रबराचा पूर्ण माणूस. त्याला पोरी रोज अंघोळ घालत, सुई टोचत, कूस बदलत. भिंतीवर गुलाबाचा आरसा आणि त्याच्या शेजारी मूत्रपिंडाचा तक्ता.

शाळेच्या मॅडम पगारे बाई, चांदवडच्या. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढून आलेल्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून रक्त पाहतील की काय असं वाटायचं. मी विचारलं, "मॅडम, इमारत कोणाची आहे?"

"बसा. कठीण नाही, फक्त लांब आहे," त्या म्हणाल्या.

आणि सांगितलं. एका अधिवेशनात पुरवणी मागण्यांमध्ये ह्या गावासाठी दोन कामं मंजूर झाली. एक मुलींचं वसतिगृह, दुसरं पर्यटक निवास. कागदावर एकाखाली एक. दोन्हींना जागा धरणाच्या काठची. बांधणाऱ्या साहेबांनी नकाशे शेजारी ठेवले. ह्यात बारा खोल्या, त्यात बारा खोल्या. ह्यात जेवणघर, त्यात जेवणघर. त्यांनी ठरवलं की काम एकच आहे, टायपिस्टनं दोनदा मारलंय. म्हणून इमारत एक बांधली. बिलं मात्र टायपिस्टवर विश्वास ठेवून काढली.

"मग चूक कळल्यावर?"

"कळली तेव्हा उद्घाटन झालेलं होतं. दोन्हींचं. नारळ दोन फुटले."

वसतिगृहाची भाड्याची जागा सुटली तेव्हा मॅडमनी मुली आणून ह्या रिकाम्या बंगल्यात ठेवल्या. पर्यटक कधी आलेच नव्हते. आता समितीच्या दौऱ्यात विषय दोन होते, सकाळी परिचर्या शिक्षण, दुपारी पर्यटन विकास. मान्यता देणाऱ्या कार्यालयाचं म्हणणं एकच होतं, स्वतःचं वसतिगृह दाखवा, नाहीतर ह्या वर्षीचे अर्ज घेणार नाही.

"मग समितीला खरं सांगून टाका ना," मी म्हणाले.

"सांगितलं असतं. पण दौरा माझ्या हातात नाही," मॅडम म्हणाल्या.

तो ज्यांच्या हातात होता ते साहेब संध्याकाळी आले. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. दर वाक्यानंतर ते घड्याळ बघायचे, म्हणून पोरी त्यांना घड्याळसाहेब म्हणत. त्यांची योजना साधी होती. साडेदहाला समिती रस्त्याकडच्या फाटकातून येईल, वसतिगृह पाहील. मग जेवायला नाशिकला, गंगापूर रोडवर. जेवणानंतर एक देऊळ. आणि चार वाजता धरणाच्या भिंतीवरून, मागच्या फाटकातून, पर्यटक निवास पाहायला.

"साहेब, इमारत तीच आहे," पगारे मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मी बावीस वर्षं दौरे काढतोय. समिती इमारत बघत नाही, स्वागत बघते. सकाळी औक्षण, दुपारी गुलाबपाणी. स्वागत वेगळं की जागा वेगळी." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आणि पाण्याकडून ही मलासुद्धा नवीन वाटते."

"आणि ओळखली तर?"

"तर तुमचे अर्ज अडकतील आणि माझी बदली होईल. दोघांनीही काळजी घेऊ."

जेवायला आम्हाला भोये मामांकडे बोलावलं होतं. हे बंगल्याचे चौकीदार, तिथलेच, बंगल्यामागं त्यांचं भाताचं शेत. मामींनी नागलीची काळी भाकर आणि उडदाची आमटी वाढली. आमच्याकडे भाताशिवाय जेवण म्हणजे आजारपण, पण त्या भाकरीला धुराचा वास होता आणि मी तीन खाल्ल्या. मामींना लाखोळीच्या डाळीची कृती सांगितली, त्यांनी ऐकून घेतली आणि करणार नाही हे चेहऱ्यावर दाखवलं.

"मामा, तुम्ही कशाचे चौकीदार?" मी विचारलं.

"ते मला बी नाय म्हाईत," मामा म्हणाले. "कागदावर पर्यटन लिवलंय अन राखतोय पोरी. पोरी बऱ्या. पर्यटक आला तं दारू पिल, बाटल्या माझ्या शेतात टाकंल. पोरी नुस्त्या सुया टाकत्यात, त्या बी मोजून."

सकाळ

अठ्ठावीस पालकांना कार्डं गेली होती, आलो तिघं. मी, आणि सिन्नरच्या कारखान्यातून रजा टाकून आलेलं एक जोडपं. पाण्याकडचे पडदे ओढलेल्या जेवणघरात आम्हाला पुढच्या ओळीत बसवलं.

समितीत पाच जण होते. अध्यक्षांना औक्षण करायला सुषमाच होती. ओवाळता ओवाळता तिनं जांभई दाबली, कारण ती रात्रभर जागून गाद्यांवर हिरव्या चादरी घालत बसली होती. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की परिचारिका म्हणजे दीप आहे. मग दिवे गेले. मग ते बराच वेळ अंधाराचा फायदा घेऊन बोलले.

पोरींनी रक्तदाब मोजून दाखवला. समितीतल्या एकुलत्या बाई, सगळे त्यांना ताई म्हणत, त्यांनी हात पुढे केला. सुषमानं पट्टा गुंडाळला, फुगवला, कान लावला आणि कपाळाला आठी घातली. हळूच काहीतरी सांगितलं. ताई हसल्या, पण हसून झाल्यावर हात लगेच काढून घेतला नाही.

नंतर पालकांशी बोलायचं होतं. ताईंनी मला विचारलं, "तुम्ही आई का?"

"बहीण जी."

"मग आई नाही आल्या?"

काय झालं कोण जाणे. मी रात्री पाठ केलं होतं की शाळा उत्तम आहे, वसतिगृह उत्तम आहे, शासनाचे आभारी आहोत. त्यातलं एकही वाक्य आलं नाही. मी सांगितलं की हिला कडेवर घेण्यासाठी माझी शाळा सुटली, आता हिची सुटू नये. एवढं बोलून मी रडले. सिन्नरच्या बाईंनी मला पाणी दिलं. घड्याळसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

मधली वेळ

समितीच्या गाड्या गेल्या आणि धूळ खाली बसायच्या आत घड्याळसाहेबांनी टाळी वाजवली. त्यांच्या हाताशी अडीच तास होते. आश्रमशाळेत तपासणीच्या दिवशी आम्हीही भांडी घासून उन्हात मांडतो, पण असं काही मी पाहिलेलं नव्हतं. हिरव्या चादरी गेल्या, फुलांच्या आल्या. मूत्रपिंडाचा तक्ता उलटा करून टांगला, मागच्या बाजूला आदल्या दिवशीच डोंगराचं चित्र चिकटवून ठेवलेलं होतं. आठ पोरींना साड्या नेसवून कर्मचारी केलं. उरलेल्या वीस जणींना भोये मामांच्या खळ्यावर पाठवलं. तिथं नुसतं लपून काय बसता म्हणून मामींनी त्यांना भात झोडायला लावलं, आणि मामांचं दोन दिवसांचं काम त्या दिवशी दुपारीच उरकलं. पर्यटन विकासाचा त्या गावात मला दिसलेला तेवढाच फायदा.

आबाला हलवायला जागा नव्हती. शेवटी मधुचंद्रातच पलंगावर झोपवून तोंडावर पांघरूण घातलं.

मग साहेब आम्हा तिघांकडे वळले. "पर्यटक कमी पडतायत."

सिन्नरचे भाऊ म्हणाले, "आमची चारची एसटी आहे." ते खरं होतं, आणि त्यांनी ती पकडली. राहिले मी.

मला गॉगल दिला, कोणाची तरी पर्स दिली, आणि पाण्याच्या बाजूच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसवलं.

"काय करायचं जी?"

"काही नाही. पाण्याकडे बघत राहायचं."

"किती वेळ?"

"समिती येईपर्यंत."

"आणि पाण्यात काय बघायचं?"

"निसर्ग," ते म्हणाले, आणि हाच शब्द त्यांनी वेगळ्या शाईनं नोंदवहीत माझ्या नावापुढं लिहिला.

आमचा जिल्हा तळ्यांचा. गावात दोन तळी, शिंगाडे काढायची वेगळी. पण पाण्याकडं इतका वेळ बघत बसलेलं माणूस आमच्याकडे एक तर म्हशी धूत असतं, नाहीतर घरी भांडण झालेलं असतं. मी तास दीड तास बसले. पाणी चांगलं होतं. मला त्यात सारखं आमच्या काकांनी शोधलेलं स्थळ दिसत होतं, दोन एकर धान आणि एक ट्रॅक्टर, हप्ते अर्धवट.

दुपार

गाड्या धरणाच्या भिंतीवरून आल्या. गुलाबपाणी उडालं. अध्यक्ष गॅलरीत येऊन म्हणाले, "वा, हा परिसर सकाळच्यापेक्षा वेगळाच आहे." मागं उभ्या घड्याळसाहेबांनी डोळे मिटले. बहुतेक देवाचे आभार मानले असतील. देऊळ नुकतंच झालेलं होतं.

मधुचंद्राचं दार उघडल्यावर पलंगावर कोणी झोपलेलं दिसलं. सगळे थबकले.

"पुण्याचे पाहुणे आहेत. प्रवासानं थकलेत," साहेब कुजबुजले.

"झोपू द्या, झोपू द्या. विश्रांती हाच पर्यटनाचा आत्मा आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि पाच आमदार चवड्यांवर चालत आबाच्या खोलीसमोरून गेले. लोकप्रतिनिधींना कोणासाठी इतकं हळू चालताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

बाकीचे पुढं गेले, ताई मागं राहिल्या. कांदाभज्यांची बशी हातात घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"कुठून आलात?"

"साकोलीहून जी."

"बरंच लांबून. इकडं कशा?"

साहेब पाच पावलांवर उभे होते. मी म्हणाले, "निसर्ग बघायला."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "तो गॉगल काढा बरं जरा."

मी काढला.

"तुम्ही सकाळी माझ्यासमोर रडलात," त्या म्हणाल्या.

आता खोटं बोलायचं तर चांगलं बोलावं लागणार होतं, आणि तेवढं माझं शिक्षण नाही. मी म्हणाले, "हो जी. सकाळी पालक होते. आता पर्यटक होऊन राहिले."

"आणि इमारत?"

साहेब घड्याळाकडे बघायचं विसरले.

"एकच आहे जी. सकाळी तुम्ही तिकडून आलात, आता इकडून. आम्ही सगळे इथंच होतो." बोलून गेले आणि मग कळलं. तेरा वर्षांची होते तेव्हापासून जिला वाढवलं तिचं शिक्षण मी दोन वाक्यांत बुडवलं होतं. मी ताईंचे पाय धरायला वाकले. "मॅडमचा दोष नाही. पोरींना राहायला जागा नव्हती. तुम्ही काय लिहायचं ते लिहा, फक्त फॉर्म थांबवू नका. ही घरी आली तर परत निघणार नाही. मला माहीत आहे, मी निघाले नव्हते."

त्यांनी माझे हात धरले. काही बोलणार तोच सुषमा चहाचा ट्रे घेऊन आली. जरीची साडी, केसांत गजरा, पर्यटक निवासाची स्वागतिका. तिनं मला वाकलेलं पाहिलं, ताईंना पाहिलं, आणि मग तिची नजर बशीवर गेली.

"मॅडम, सकाळी तुमचं दीडशेवर पंच्याण्णव होतं," ती म्हणाली. "दुपारची गोळी घेतली का?"

"नाही ग. गाडीत राहिली."

"मग ही भजी नका खाऊ." आणि आमदारांच्या हातातली बशी तिनं काढून घेतली. "जेवणात लोणचं, पापड घेतलेच असतील. आधी गोळी मागवा. डोकं दुखतंय का?"

"दुखतंय थोडं."

"पाय खाली सोडून शांत बसा. बोलू नका." मग माझ्याकडे वळली, "ताई, तू पण बोलू नको त्यांच्याशी."

आम्ही दोघी गप्प बसलो. गाडीतून गोळी आली. सुषमानं ती समोर उभं राहून घ्यायला लावली आणि पेला परत नेला. साहेब खांबाला टेकले होते, त्यांचा रक्तदाब कोणी मोजला नाही.

थोड्या वेळानं ताई उठून जेवणघरात गेल्या, समितीनं दार लावून घेतलं. पगारे मॅडम व्हरांड्याच्या टोकाला आल्या, मला विचारलं काय झालं. मी सांगितलं. त्यांनी माझी पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "रक्त कमी आहे तुमचं. पालक, गूळ खात जा."

दार उघडलं. अध्यक्ष खुशीत होते. दोन्ही वास्तू पाहिल्या, दोन्ही समाधानकारक, असा अभिप्राय त्यांनी उभ्या उभ्या सांगितला. साहेबांनी तो उभ्या उभ्या लिहून घेतला.

ताई माझ्याजवळून जाताना थांबल्या. "मी आत सांगितलं सगळं," त्या म्हणाल्या. "बाई, एकच इमारत आहे असं लिहिलं तर ती पर्यटनाची ठरते. जागेच्या कागदावर तसंच आहे. म्हणजे पोरी उद्या बाहेर आणि मान्यता गेली. दोन लिहिल्या तर त्यातली एक वसतिगृह आहे."

"पण जी, दुसरी तर नाहीच."

"आम्ही दोनदा पाहिली. सह्या आहेत."

"आणि दुसरीचं काय झालं हे कोणी विचारलं तर?"

"विचारेल ना. पुढची समिती विचारेल." त्यांनी माझ्या हातातला गॉगल घेऊन साहेबांना दिला. "आणि तुम्हाला मी सकाळी पाहिलंच नव्हतं."

मी हात जोडले. खोट्या कागदाला इतक्या मनापासून हात मी कधी जोडले नव्हते, आणि त्याची लाज त्या वेळी वाटली नाही. ती गाडीत वाटली, मनमाडच्या पुढं. तोवर अर्ज भरले जाणार हे पक्कं झालेलं होतं, त्यामुळं ती सोसली.

नंतर

अर्ज भरले गेले. सुषमाचं पत्र आलं, परीक्षेचा नंबर त्यात दोनदा लिहिलेला होता. खाली आणखी एक बातमी होती. पर्यटक निवास समाधानकारक आहे तर चालू का नाही, असं वरून विचारणं झालं. म्हणून शनिवार-रविवार तो पर्यटकांना देतात. शनिवारी सकाळी पोरी गाद्या, ट्रंका उचलून शाळेच्या वर्गात जातात आणि रविवारी संध्याकाळी परत येतात. 'ताई, तू शनिवारी आलीस तर तुला खोली मिळेल, पण मी भेटणार नाही,' असं तिनं लिहिलं होतं. भोये मामांच्या शेतात बाटल्या पडायला लागल्या होत्या.

ती पास झाली. काकांचं स्थळ ट्रॅक्टरसकट दुसरीकडे गेलं. तिला पेठकडच्या डोंगरात एका उपकेंद्रावर नेमणूक मिळाली, आणि मागच्या उन्हाळ्यात मी पुन्हा एकदा नाशिकला उतरून, जीपनं, पायी, तिच्यापर्यंत गेले.

उपकेंद्र मंजूर आहे. इमारत व्हायची आहे. एका घराच्या पडवीत टेबल, खुर्ची, लसीचा डबा, आणि समोर उन्हात पोरं कडेवर घेऊन बसलेल्या बाया, पार वळणापर्यंत. त्यांत एका पोरीच्या कडेवर तिची बहीण होती, आई मजुरीला गेली होती. सुषमानं तिला शाळेत जातेस का विचारलं, आणि ती जाते म्हणाली. खरं-खोटं मी विचारलं नाही.

दुपारपर्यंत मी पडवीच्या खांबाला टेकून बघत होते. मग न राहवून म्हणाले, "अन इथं समिती आली तर काय दाखवशील ग?"

तिनं सुईतली हवा काढली, मान वर न करता म्हणाली, "रांग," आणि पुढच्या बाईला बोलावलं.